बोट क्लबचा इतिहास लिहिताय? आधी डेडस्टॉक रजिस्टर शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या एका कॉलेजच्या बोट क्लबला लवकरच शंभर वर्षं होतील. माजी विद्यार्थ्यांना त्यानिमित्त क्लबचा इतिहास छापायचा आहे. हाताशी कॅप्टनांच्या नावांचा फलक आहे, कागद आणि फोटोंनी भरलेल्या दोन ट्रंका आहेत, काही चषक आहेत आणि व्हॉट्सॲपवर रोज येणाऱ्या आठवणी आहेत. स्थापनेच्या वर्षावर दोन मतं आहेत. सुरुवात कुठून करायची, आणि वर्षभरात हे काम होईल का?

वर्षभरात होईल. संस्थांची दफ्तरं लावणं आणि त्यांतून इतिहास लिहून देणं हेच माझं काम आहे, त्यावरून सांगतो. तुम्हाला स्थापनेच्या वर्षाची काळजी वाटते आहे, पण ते शेवटी सुटलं तरी चालेल. खरी अडचण अशी की तुमच्याकडचं जवळजवळ सगळं साहित्य जिंकलेल्यांचं आहे. फलकावर कॅप्टन, चषकावर विजेते, ग्रुप फोटोत ज्यांची निवड झाली ते. क्लबकडे किती बोटी होत्या, पाणी किती महिने मिळायचं, फुटलेली फळी कोण बदलायचं, वर्गणी कुठून यायची, यातलं काहीच त्यात नाही. एवढ्यावर लिहिलंत तर पुस्तकात नावांच्या याद्या होतील. त्या हव्यातच, पण शेवटी, परिशिष्टात.

दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. कॉलेज सरकारी आहे की खासगी संस्थेचं? आणि क्लबचे कागद बोटहाउसमध्ये राहायचे की जिमखान्याच्या ऑफिसात? पुढचं बरंचसं या दोन उत्तरांवर ठरेल.

बऱ्याच जणांसमोर इंग्लंडमधल्या कॉलेज क्लबांच्या इतिहासाचा नमुना असतो, म्हणून एक फरक आधीच सांगतो. ऑक्सफर्डमध्ये ब्रेझनोज आणि जीझस या कॉलेजांची शर्यत १८१५ सालची. केंब्रिजच्या सेंट जॉन्सचा लेडी मार्गारेट बोट क्लब १८२५ चा, आणि तिथल्या ‘बम्प’ शर्यती १८२७ पासूनच्या. नदी अरुंद, म्हणून बोटी एकामागे एक ठरावीक अंतरावर उभ्या करतात. मागच्या बोटीने पुढचीला गाठलं की दुसऱ्या दिवशी दोघींच्या जागा बदलतात, आणि पुढच्या वर्षीची सुरुवात आधीच्या वर्षी जिथे संपलं तिथूनच होते. त्यामुळे तिथल्या इतिहासकाराला दोनशे वर्षांचा सलग तक्ता तयार मिळतो आणि तो त्यावर प्रकरणं बांधतो. पुण्यात असा तक्ता नाही. इथे तेच काम बोटींची नोंद करते, आणि ती सापडते डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत.

सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात टिकाऊ वस्तूची नोंद डेडस्टॉकला झाल्याशिवाय बिल पास होत नाही. त्यामुळे क्लबच्या सेक्रेटरीने एक ओळ लिहून ठेवली नसली तरी बोट विकत घेतल्याची तारीख, पुरवठादार, बिल क्रमांक, किंमत आणि शेवटच्या रकान्यात निर्लेखनाचा (वस्तू नोंदीतून कमी करण्याचा) आदेश मिळण्याची शक्यता चांगली असते. व्हाउचरं मुदत संपल्यावर नष्ट केली जातात, डेडस्टॉक मात्र सहसा कोणी फेकत नाही, कारण ऑडिट ते मागतं. जिमखाना विभागाचं रजिस्टर मागा. तिथे नसेल तर कॉलेजच्या मुख्य भांडारात. सरकारी कॉलेज असेल तर जमीन, धक्का आणि बोटहाउसची बांधकामं यांचे कागद सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असू शकतात. तोंडी विचारून दाद मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत, म्हणून बोटींसाठी एक अर्ज आणि बांधकामासाठी दुसरा. ‘बोट क्लबची सर्व माहिती द्या’ असं लिहिलंत तर हाती काही लागणार नाही. रजिस्टरचं नाव आणि वर्षं लिहून ‘अवलोकनासाठी मिळावे’ असं मागा.

या रजिस्टरमध्ये तीन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, जुनं रजिस्टर भरलं की शिल्लक वस्तू नव्यात उतरवतात आणि तिथे खरेदीची तारीख न टाकता उतरवल्याची तारीख टाकतात. एकाच तारखेला, एकाच शाईत दहा-बारा बोटी दिसल्या तर ती मोठी खरेदी समजू नका. मागचं रजिस्टर शोधा. दुसरं, ‘बोट, फोर’ आणि ‘बोट, ४ नग’ यांत कारकुनाने गल्लत केलेली असते. चार वल्हेकऱ्यांची एक बोट, की चार सुट्या बोटी? किंमत पाहिली की बहुधा उलगडतं. तिसरं, बोटींची नावं बदलतात. देणगीदाराचं किंवा प्राचार्यांचं नाव जुन्याच बोटीला दिलं जातं आणि आठवणींमध्ये एका बोटीच्या दोन होतात. अशा वेळी लांबी आणि रिगरची (वल्ही टेकवायच्या, बोटीबाहेर आलेल्या आधारांची) संख्या जुळवा. एकट्याची स्कल साधारण आठ मीटर असते आणि आठ जणांची शेल (शर्यतीची हलकी, अरुंद बोट) सतरा-अठरा मीटर, त्यामुळे गोंधळ होतो तो बहुतेक मधल्या मापांच्या बोटींत, दोघांच्या पेअरमध्ये आणि चौघांच्या फोरमध्ये.

डेडस्टॉकच्या जोडीला उपभोग्य वस्तूंचं वेगळं रजिस्टर असतं. त्यात व्हार्निश, तांब्याचे खिळे, दोर, सँडपेपर असल्या नोंदी असतात. कंटाळवाणं वाटेल, पण दुरुस्तीचा हंगाम कोणता होता, लाकडी बोटी कधीपर्यंत चालत होत्या आणि फायबर कधी आलं, हे याच्याइतकं नेमकं दुसरीकडे कळत नाही. तांब्याचे खिळे यायचे थांबले आणि रेझिनचे डबे यायला लागले, की बोटहाउसमधलं सुतारकाम बदललं. आणि ते करणाऱ्या माणसांची नावं हजेरीपटात आणि पगारपत्रकात असतात. बोटमन, सुतार, शिपाई. विद्यार्थी चार वर्षांत निघून जातात. तीस-तीस वर्षं बोटी सांभाळतात ती ही माणसं. त्यांच्यासाठी एक पूर्ण प्रकरण ठेवा, ‘ऋणनिर्देश’मधल्या दोन ओळींवर भागवू नका. त्यांच्या मुलाबाळांकडे फोटोही मिळतील, आणि ते तुमच्या ट्रंकेतल्यांपेक्षा वेगळे असतील.

आता पाणी. पुण्यात रोइंग करता येतं याचं कारण खाली बंडगार्डनला बंधारा आहे. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात झालेल्या या बंधाऱ्यामुळे मुळा-मुठेचं पाणी संगमाच्या बाजूला तुंबून राहतं. नाहीतर दिवाळीनंतर इथे खडकांमधून वाहणारी धार उरली असती. रॉयल कॅनॉट बोट क्लब आपली स्थापना १८६८ ची सांगतो आणि बंधाऱ्याजवळचा फिट्झगेराल्ड पूल १८६७ चा, म्हणजे या पाण्यावरची वर्दळ आणि क्लब एकाच काळातले. सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजचा, बोट क्लब १९२८ चा, संगमाजवळचा. तुमचा क्लब याच पाण्यावरचा असेल तर पहिलं प्रकरण बंधाऱ्यावर लिहा.

पाणी बदलत गेलं तसा क्लबही बदलत गेला. मुठेवर खडकवासला १८७९ मध्ये पूर्ण झालं. मुळेचं वरचं पाणी १९२० च्या दशकात मुळशीला अडवून सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे वळवलं गेलं. पुढे शहर वाढलं, सांडपाणी वाढलं आणि त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजायला लागली. पावसाळ्याचा पूर ती वाहून नेतो, हिवाळ्यात ती पुन्हा पसरते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमक्या रेगाटाच्या (बोटींच्या शर्यतींच्या सोहळ्याच्या) तोंडावर, सर्वांत दाट असते. वल्ह्याचं पातं तिच्यात अडकलं की वल्हं पाण्याबाहेर निघत नाही, मूठ उलट पोटावर आदळते. हलकी शेल त्यात चालवताच येत नाही, सपाट बुडाची जड पंट कशीबशी चालते. म्हणून एखाद्या दशकात क्लबने शेल सोडून पंटवर भर दिलेला दिसला, तर ‘दर्जा घसरला’ असं लिहिण्याआधी महापालिकेने जलपर्णी काढण्याच्या निविदा कोणत्या वर्षी काढल्या ते बघा. जुन्या वेळांची तुलनाही याच कारणाने टाळा. पाण्याची पातळी वेगळी, प्रवाह वेगळा, आणि अंतरही वेगळं: मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, त्याआधीच्या शर्यती यार्डात. ८८० यार्ड म्हणजे ८०५ मीटर, त्यामुळे ‘आठशे मीटरचा जुना विक्रम’ हा बहुधा अर्ध्या मैलाचा असतो.

१२ जुलै १९६१ वेगळा काढून सांगायला हवा. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि लोंढा मुठेतून शहरात शिरला. बोटी तेव्हा पावसाळ्यासाठी बोटहाउसमध्ये असणार, आणि कागद तिथेच असतील तर ते गेले. मुळेच्या काठावर असलात तरी संगमाकडून फुगवटा चढला का ते तपासा. इथे बहुतेक लेखक ‘पुरात सर्व दफ्तर नष्ट झाले’ असं एक वाक्य लिहून पुढे जातात. थोडं थांबा. सरकारी वस्तू वाहून गेली तरी ती डेडस्टॉकमधून कमी करायला आदेश लागतो आणि त्या आदेशाला वस्तूंची यादी जोडलेली असते. १९६१-६२ आणि ६२-६३ च्या निर्लेखनाच्या फायली मिळाल्या, तर ११ जुलैच्या संध्याकाळी क्लबकडे नेमकं काय होतं याची पूर्ण यादी तुमच्या हातात येईल. कागद शाबूत असलेल्या काळाचीही अशी यादी सहसा मिळत नाही.

तारखांकडे येतो. रेगाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये होत असेल आणि शैक्षणिक वर्ष जूनला सुरू होत असेल, तर फलकावरचं ‘१९५२’ म्हणजे ५१-५२ की ५२-५३? रंगाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. शिवाय फलक पुन्हा रंगवले जातात. पहिली तीस नावं एकाच वळणाच्या अक्षरात असतील तर ती नंतर एकदम लिहिलेली आहेत आणि त्यांना पुरावा म्हणून कमी किंमत द्या. माजी विद्यार्थीही ‘आमची सत्तरची बॅच’ म्हणतात तेव्हा कोणी प्रवेशाचं वर्ष सांगतो, कोणी पदवीचं. उपाय साधा: तुमच्या तक्त्यात नुसतं ‘१९५२’ असं एकेरी वर्ष लिहायचंच नाही. सगळीकडे ‘१९५१-५२’ आणि शेजारच्या रकान्यात पुरावा कुठला ते. रेगाटाची खरी तारीख वर्तमानपत्रात मिळते. ‘ज्ञानप्रकाश’ १९५१ पर्यंत, ‘केसरी’ सलग, ‘सकाळ’ १९३२ पासून. सगळे अंक चाळायची गरज नाही. फेब्रुवारी ते एप्रिल पुरतात.

कॉलेजचं आणि विद्यापीठाचं नाव बदललेलं असतं, तेही लक्षात ठेवा. पुणे विद्यापीठ १९४९ चं. त्याआधीची आंतरकॉलेज क्रीडास्पर्धांची कागदपत्रं मुंबई विद्यापीठाच्या नावाखाली. सीओईपीचं उदाहरण घ्या: संस्था १८५४ ची, मधली काही दशकं ‘कॉलेज ऑफ सायन्स’, १९११ पासून ‘कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग’, २०२२ पासून तंत्रज्ञान विद्यापीठ. आजच्या नावाने अभिलेखागाराची सूची पाहिलीत तर जुनं काहीच सापडणार नाही.

स्थापनेच्या वर्षाबद्दल. क्लब ‘सुरू झाला’ याचे किमान चार अर्थ निघतात: पहिली बोट आली, पहिली समिती झाली, कॉलेजने जिमखान्यात मान्यता देऊन फीमधून पैसे दिले, किंवा पहिली रेगाटा झाली. दोन मतं असतात तेव्हा बहुधा दोघंही बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या घटना धरून बोलत असतात. चारही तारखा शोधा, चारही छापा, आणि शतकपूर्ती कशावरून मोजली ते एका वाक्यात सांगा. मला विचाराल तर कॉलेजने पैसे दिले ते वर्ष धरावं, कारण त्याचा कागद असतो. नावावरून मात्र वय ठरवू नका. वर उल्लेख केलेला रॉयल कॅनॉट क्लबच पाहा. ड्यूक ऑफ कॅनॉट हा किताब १८७४ मध्ये निर्माण झाला, तेव्हा १८६८ चा क्लब त्या वेळी या नावाचा असणं शक्य नाही. नाव नंतरचं आणि क्लब आधीचा, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

आणखी एक मोजणी चुकते ती ‘शंभरावी रेगाटा’ची. ऑक्सफर्ड-केंब्रिजची शर्यत १८२९ मध्ये सुरू झाली, पण दुसरी व्हायला १८३६ उजाडलं आणि दरवर्षी व्हायला लागली ती १८५६ पासून; महायुद्धांत आणि २०२० मध्ये तिच्यातही खंड पडला. तुमच्याकडे युद्धाची वर्षं, १९६२, १९७२ चा दुष्काळ, २०२० आणि २०२१ एकेक करून तपासा. क्लबची शंभर वर्षं आणि शंभरावी रेगाटा या वेगळ्या गोष्टी आहेत आणि निमंत्रणपत्रिकेवर त्या एक होऊ देऊ नका.

फोटोंना तारीख लावताना चेहऱ्यांच्या आधी वल्ही बघा. लांब, अरुंद पातं जुनं. रुंद, दोन्ही बाजूंनी सारखं ‘मॅकॉन’ पातं १९५९ च्या सुमारास युरोपात आलं, आणि एका बाजूला झुकलेलं कुऱ्हाडीसारखं पातं १९९१ नंतर. पण नियम एकतर्फी आहे. पातं तुम्हाला ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतं. कॉलेजच्या क्लबात जुनी वल्ही पुढे वीस वर्षं सहज वापरात असतात, त्यामुळे अरुंद पातं दिसलं म्हणून फोटो १९५९ च्या आधीचा ठरत नाही. वरची मर्यादा डेडस्टॉकच देईल: बोट निर्लेखित झाली त्यानंतर ती पाण्यात असू शकत नाही. या दोहोंमध्ये जो काळ उरेल तेवढाच मथळ्यात लिहा. फोटो उलटा छापला गेला आहे का तेही पाहा. पुरुषांच्या ब्लेझरची डावी बाजू उजवीवर येते, उलटी दिसली तर निगेटिव्ह उलटी धरली होती. ही तपासणी चुकली की संगम पूल भलत्याच बाजूला दिसतो आणि लोक त्यावरून जागेचे वाद घालत बसतात.

चषक ब्रासोने घासू नका. चांदीचा मुलामा आणि कोरीव अक्षरं दोन्ही झिजतात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरून फोटो काढा; पुसट अक्षरं सावलीमुळे वाचता येतात. विलायती चांदीच्या चषकावर शिक्के असतात. चालणारा सिंह म्हणजे खरी चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि जोडीचं अक्षर घडणावळीचं वर्ष सांगतं. ते चषक घडवल्याचं वर्ष. स्पर्धा त्यानंतर कितीही वर्षांनी सुरू झालेली असू शकते. ‘ईपीएनएस’ असेल तर मुलामा आहे आणि वर्षाचं अक्षर मिळणार नाही.

मुलाखती घेताना ‘काही आठवणी सांगा’ असं म्हणू नका. प्रत्येकाकडून तेच ऐकायला मिळेल. छापील फोटो आणि बोटींची यादी घेऊन जा आणि विचारा: तुम्ही कोणत्या सीटवर? स्ट्रोक (लय ठरवणारा वल्हेकरी) कोण, कॉक्स (सुकाणू धरणारा) कोण? बोट धक्क्यापर्यंत कशी न्यायचात, किती जण लागायचे? सराव किती वाजता संपवायला लागायचा? क्लबमध्ये पहिली मुलगी कधी आली, आणि ती पहिल्यांदा शर्यतीत कधी उतरली? या शेवटच्या दोन तारखांमध्ये बहुतेक ठिकाणी काही वर्षांचं अंतर असतं, आणि ते अंतर का पडलं याची चौकशी करा. पुण्याच्या रेगाटात शर्यतींबरोबर कयाक बॅले, पंट फॉर्मेशन, मशाल नृत्य असे कार्यक्रम असतात. त्यांची रचना कोणी बसवली, कागदावर आखायचे की तोंडी, हे विचारा, कारण याची नोंद छापील कार्यक्रमपत्रिकेपलीकडे कुठेच नसते. सीएमई या पुण्यातल्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रोइंग केंद्रातून रिओ ऑलिंपिकला गेलेले दत्तू भोकनळ किंवा तिथले इतर खेळाडू तुमच्या पाण्यावर खरोखर उतरले असतील तरच पुस्तकात घ्या.

स्कॅनिंगला कागद ३०० ते ४०० डीपीआय, फोटो ६०० डीपीआय, टिफ फाइल. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छपाईला चालणार नाही, मूळ प्रत मागून घ्या. फोटोच्या मागे बॉलपेनने काही लिहू नका, मऊ शिसपेन्सिल वापरा. सेलोटेप आणि लॅमिनेशन पूर्ण वर्ज्य. प्लास्टिकच्या पिशव्यांपेक्षा आम्लविरहित कागदाचे पाकीट बरे.

वर्षाची आखणी अशी करता येईल. पहिले तीन महिने फक्त रजिस्टरं आणि माहिती अधिकाराचे अर्ज. पुढचे तीन वर्तमानपत्रं आणि बोटींचा तक्ता. तक्ता झाल्यावरच मुलाखती. अपवाद फक्त ऐंशीच्या पुढच्या ज्येष्ठांचा, त्यांच्याकडे याच आठवड्यात जा, तयारी अपुरी असली तरी. नवव्या महिन्यात लिहायला बसा. छापल्यावर एक प्रत पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाला द्या, आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ठरलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांत प्रती पाठवायच्या असतात, त्या विसरू नका. ट्रंका बोटहाउसमध्ये असतील तर मात्र त्या आत्ताच हलवा. नदीकाठच्या खोलीत जुलैची दमट हवा लागली की जुन्या फोटोंचं जिलेटिन मऊ होतं, ते एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चेहरेच निघून येतात. पहिल्या मजल्यावरची, भिंतीला ओल नसलेली कुठलीही खोली चालेल.